टॅटू कलाकाराची पारख

टॅटू काढून घेऊ इच्छिणाऱ्या बहुतेकांचा वेळ आणि विचार चित्र निवडण्यात खर्ची पडतो, आणि ते कोणाच्या हातून काढून घ्यायचे हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न घराजवळचा स्टुडिओ, मित्राने सुचवलेले नाव किंवा खिशाला परवडणारा दर यांच्या भरवशावर सोडला जातो. वास्तविक कागदावर कितीही देखणे असलेले चित्र कच्च्या हाताने त्वचेत उतरवले, तर काही महिन्यांतच त्याच्या रेषा फुटू लागतात. उलट एखादे साधे पान किंवा दोन अक्षरांचे नाव कसलेल्या हाताखाली वर्षानुवर्षे रेखीव राहू शकते. याचे कारण असे, की सुई थांबते त्या क्षणी टॅटू पूर्ण झालेला नसतो. पुढचे काम त्वचा करते, आणि त्वचा काय करील याचा अंदाज बांधून जो आपला हात आधीच आवरतो किंवा पुढे नेतो, तोच खरा कुशल कलाकार होय. म्हणूनच त्याची पारख ताज्या कामाच्या चकचकीत छायाचित्रांवरून न करता भरून आलेल्या, म्हणजे जखम पूर्ण बरी होऊन काही महिने किंवा वर्षे उलटलेल्या कामावरून करावी लागते.

हे नीट कळण्यासाठी त्वचेची रचना थोडी समजून घेणे आवश्यक आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. तिच्या पेशी तळाशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारण महिनाभरात मृत होऊन झडून जातात, त्यामुळे या थरात राहिलेली शाई टिकू शकत नाही. तिच्या खालचा थर म्हणजे अंतस्त्वचा; तो तंतुमय, चिवट आणि रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी भरलेला असतो, आणि शाई टिकते ती येथेच. त्याच्याही खाली चरबीचा मऊ थर असतो. टॅटूची सुई पृष्ठभागापासून साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाणे अपेक्षित असते, आणि सेकंदाला पन्नास ते शंभराहून अधिक वेळा वरखाली होणारी ही सुई, श्वासाबरोबर हलणाऱ्या, वेदनेने आखडणाऱ्या आणि जागोजागी जाडी बदलणाऱ्या त्वचेवर, एवढ्या अरुंद पट्ट्यात तासन्‌तास सांभाळणे हेच या कलेतले मुख्य कसब आहे. चित्रकला उत्तम येणे आणि हे कसब अंगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही ज्याच्याकडे आहेत असा कलाकार शोधावा लागतो.

शाई अंतस्त्वचेत पोचली की शरीर तिला परका पदार्थ समजून प्रतिकार सुरू करते. भक्षकपेशी, म्हणजे शरीरात शिरलेले जंतू आणि कचरा गिळून टाकणाऱ्या पेशी, शाईचे कण गिळतात. परंतु ते त्यांना पचवता येत नाहीत, आणि कण पोटात घेऊनच त्या जागच्या जागी राहतात. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून असे दिसले, की या पेशी मेल्या की त्यांच्यातील शाई मोकळी होते आणि त्यांची जागा घेणाऱ्या नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. म्हणजे बाहेरून स्थिर दिसणारे चित्र आतून एका पिढीच्या पेशींकडून दुसरीकडे सोपवले जात असते. काही कण लसीकावाहिन्यांतून काखेतल्या किंवा जांघेतल्या लसीकाग्रंथींपर्यंतही वाहून जातात. काळ जातो तशा रेषांच्या कडा किंचित पसरतात, फिकट छटा आणखी फिकट होतात आणि दोन रेषांमधली मोकळी जागा अरुंद होत जाते. या बदलाचा हिशेब पहिल्याच दिवशी ज्याच्या डोक्यात असतो, तो कलाकार रेषांमध्ये थोडी जास्त जागा सोडतो, काळ्या रंगाचा पुरेसा आधार घेतो आणि ग्राहकाने हट्ट धरला तरी नखाएवढ्या जागेत सिंहाचा चेहरा बसवायला तयार होत नाही.

हाताच्या चुका ओळखता येतात आणि त्या ओळखायला विशेष शिक्षण लागत नाही. सुई उथळ राहिली असेल तर खपली पडताना शाई निघून जाते आणि रेषा जागोजागी तुटक, फिकी दिसते. सुई खोल गेली असेल तर शाई चरबीच्या थरात उतरून टीपकागदावर पडल्यासारखी पसरते आणि रेषेभोवती निळसर सावली कायमची राहते. व्यवसायात याला ब्लोआउट म्हणतात. मनगटाची आतली बाजू, दंडाचा आतला भाग, घोटा, कानामागची जागा अशा पातळ त्वचेवर हा दोष लवकर उद्‌भवतो, त्यामुळे कलाकाराने या ठिकाणी केलेली जुनी कामे आवर्जून पाहावीत. एकाच जागी सुई वारंवार फिरवली तर त्वचा अक्षरशः फाटते आणि भरून येताना तेथे उंचवटे राहतात. चांगल्या रीतीने भरून आलेल्या टॅटूवर डोळे मिटून बोट फिरवले, तर रेषा कोठे सुरू झाली आणि कोठे संपली हे बोटाला सहसा कळत नाही.

कलाकाराकडे जाण्यापूर्वी त्याच्या कामाचा संग्रह पाहण्याची पद्धत आता रूढ झाली आहे, पण तो कसा पाहायचा हे फारसे कोणी सांगत नाही. ताज्या टॅटूचे छायाचित्र नेहमीच आकर्षक दिसते, कारण शाई अजून बाह्यत्वचेतही असते, त्वचेवर मलमाची चकाकी असते आणि भोवतीच्या लालसर सुजेमुळे काळा रंग अधिक काळा भासतो. शिवाय मोबाईलमध्ये उजेड आणि रंग हवे तसे वाढवता येतात. म्हणून एक वर्षाहून जुन्या कामांची छायाचित्रे मागावीत, आणि शक्य असल्यास जुन्या ग्राहकांचे टॅटू प्रत्यक्ष पाहावेत. पाहताना वाघाच्या डोळ्यांतली चमक किंवा पिसांचा पिसारा यांत रमण्याआधी नजर साध्या गोष्टींवर न्यावी : लांब सरळ रेषा मध्येच थरथरली आहे काय, वर्तुळ जेथून सुरू झाले तेथेच नेमके मिळाले आहे काय, दोन रेषा भेटतात त्या कोपऱ्यात शाईचा थेंब साचला आहे काय, काळा भरलेला भाग सलग आहे की त्यात त्वचेचे ठिपके डोकावतात. मंडलाच्या आकृतीत तर काहीच लपत नाही, कारण तिच्या पाकळ्या एकमेकींच्या साक्षीदार असतात. आपल्या जुन्या कामाबद्दल मोकळेपणाने बोलणारा, त्यातले काय पसरले आणि का पसरले हे सांगू शकणारा कलाकार विश्वासाला अधिक पात्र समजावा. भरून आलेल्या एकाही कामाचे छायाचित्र जो दाखवू शकत नाही, तो एक तर नवखा असतो किंवा ग्राहक दाराबाहेर पडला की त्याची जबाबदारी संपते असे मानणारा असतो. दोन्ही परिस्थितींत आपली त्वचा त्याच्या स्वाधीन करण्याची घाई करू नये.

भारतीय ग्राहकाने याहून एक गोष्ट अधिक पाहायला हवी, आणि ती म्हणजे आपल्यासारख्या वर्णाच्या त्वचेवरचे काम. शाई अंतस्त्वचेत असते आणि मेलॅनिन हे त्वचेला रंग देणारे द्रव्य तिच्या वरच्या थरात असते, त्यामुळे टॅटूचा प्रत्येक रंग या नैसर्गिक रंगाच्या पडद्यातून गाळून दिसतो. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेच्या वर्गीकरणाची जी पद्धत मांडली आणि जी पुढे सहा प्रकारांची झाली, तिच्यातील तिसऱ्या ते पाचव्या प्रकारात बहुसंख्य भारतीय येतात. अशा त्वचेवर पांढरा, फिकट पिवळा, गुलाबी किंवा आकाशी रंग युरोपीय त्वचेवर दिसतो तसा कधीच दिसत नाही. गडद काळा, खोल लाल, गर्द निळा मात्र उठून दिसतो, आणि त्वचेचा मूळ रंगच चित्रातला उजेड म्हणून वापरण्याची हातोटी ज्याला साधली आहे त्याचे काम विलक्षण देखणे होते. परदेशी कलाकाराच्या चित्राची प्रत दाखवून तसेच हवे म्हणणाऱ्या ग्राहकाला हे जो समजावून सांगतो, तो प्रामाणिक. ज्या स्टुडिओच्या संग्रहात केवळ गोऱ्यापान त्वचेवरची किंवा उजेड वाढवून गोरी केलेली छायाचित्रे आहेत, तेथे सावळ्या व्यक्तीने अधिक प्रश्न विचारावेत. सावळ्या त्वचेत कीलॉइडची, म्हणजे जखमेच्या मर्यादेबाहेर वाढत जाणाऱ्या जाड व्रणाची, प्रवृत्तीही अधिक आढळते. छाती, खांदा आणि पाठीचा वरचा भाग या त्याच्या नेहमीच्या जागा. कान टोचल्यावर ज्यांना अशी गाठ आली होती त्यांनी ते कलाकाराला आधीच सांगावे, आणि अशा गाठीबद्दल स्वतःहून विचारणारा कलाकार आपल्या कामाचा जाणकार आहे असे समजावे.

सावळ्या त्वचेवर काय टिकते याचे ज्ञान या देशाला नवे नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत आजही वृद्ध स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर हिरवट निळे गोंदण दिसते. मध्य भारतातील गोंड आणि बैगा स्त्रियांच्या अंगावर तर ते हातापायांपासून पाठीपर्यंत पसरलेले असते. बाजारात, जत्रेत किंवा दारोदार फिरून गोंदणाऱ्या स्त्रिया काही सुया एकत्र बांधून काजळीच्या काळ्या रंगाने तुळशीवृंदावन, विंचू, ठिपक्यांच्या रांगा किंवा नाव गोंदत, आणि मेल्यावर सोबत येणारा दागिना हाच एक, अशी त्यामागची श्रद्धा असे. ठसठशीत ठिपके, मोकळी जागा, एकच गडद रंग ही त्यांची रीत साधनांच्या मर्यादेतून आली असली, तरी पन्नास-साठ वर्षांनंतरही त्या आकृत्या ओळखता येतात हे आजच्या कलाकारांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. आधुनिक यंत्र मात्र वेगळ्या वाटेने आले. टॉमस एडिसन यांनी १८७६ मध्ये कागदाला छिद्रे पाडून नकला काढण्यासाठी विजेच्या लेखणीचे पेटंट घेतले, आणि त्याच तत्त्वावर न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी १८९१ मध्ये विजेवर चालणाऱ्या टॅटू यंत्राचे पेटंट मिळवले. त्यानंतरचे बदल मोटर, सुया आणि शाई यांत झाले. त्वचा आणि हात यांच्यातले नाते तेच राहिले.

मराठी माणसाच्या दृष्टीने सर्वांत बारकाईने तपासण्याजोगी बाब म्हणजे देवनागरी अक्षरे, कारण आई-वडिलांची नावे, 'स्वराज्य', 'आशीर्वाद' यांसारखे शब्द आणि शिवाजी महाराजांची राजमुद्रा ही येथे वारंवार गोंदवली जातात आणि त्यातल्या चुकाही तितक्याच वारंवार दिसतात. चित्रे तयार करण्याच्या अनेक संगणक-प्रणालींत भारतीय लिपीची सोय वेगळी चालू करावी लागते. ती केली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते, जोडाक्षर सुटून पाय मोडलेली दोन अक्षरे शेजारी उभी राहतात आणि रफार चुकीच्या अक्षरावर बसतो. 'आशीर्वाद' या शब्दातला रफार 'वा'वर असतो, पण तो 'शी'वर टाकून आणि तिची दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करून 'आर्शिवाद' असा गोंदवलेला शब्द जन्मभर अंगावर वागवावा लागतो. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून वेगळे आहेत हेही सर्वांना ठाऊक नसते. म्हणून मजकूर स्वतः स्वच्छ अक्षरात लिहून न्यावा, मराठी शुद्धलेखन जाणणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावा, आणि स्टेन्सिल त्वचेवर उमटल्यानंतर सुई लागण्यापूर्वी अक्षर न अक्षर पुन्हा वाचावे. स्टेन्सिल म्हणजे चित्राचा जांभळट ठसा. तो पुसून पुन्हा उमटवता येतो, आणि समाधान होईपर्यंत तीन-चार वेळा तो बदलायला जो कुरकुरत नाही तोच कलाकार योग्य.

अक्षरांची दुसरी कसोटी शिरोरेषेची आहे. देवनागरीत संपूर्ण शब्द एका आडव्या रेषेला टांगलेला असल्यामुळे ती रेषा किंचित जरी वाकली तरी सगळा शब्द ढासळल्यासारखा दिसतो, आणि मानवी हात कोठेही सपाट नसतो. पुढचा हात तळवा फिरवला की स्वतःभोवती पिळला जातो. म्हणून जाणता कलाकार ग्राहकाला उभे करून, हात सैल सोडायला लावून ठसा उमटवतो, मग हात वळवून, मुडपून, पुन्हा सरळ करून रेषा कशी चालते हे पाहतो. खुर्चीवर बसलेल्या, हात टेबलावर पसरलेल्या स्थितीत घाईने ठसा लावणाऱ्याच्या कामात ही चूक हमखास राहते. राजमुद्रेचे तर वेगळेच आहे. तिच्या अष्टकोनात संस्कृत श्लोक बसवलेला असल्याने जोडाक्षरांची दाटी असते. दोन इंचांच्या मुद्रेत प्रत्येक अक्षर दोन-तीन मिलिमीटरचे होते, आणि रेषा पसरू लागल्या की अक्षरांच्या पोटातली पोकळी बुजून काही वर्षांत ओळींच्या जागी काळे पट्टे उरतात. ज्या मुद्रेचा मान राखण्यासाठी ती अंगावर धारण केली जाते, तीच वाचता येऊ नये ही दुःखाची गोष्ट आहे. मुद्रा मोठी करा, दंडावर किंवा पाठीवर पुरेशी जागा द्या, नाही तर दुसरे चिन्ह निवडा, असे स्पष्ट सांगणारा कलाकार ग्राहकाचे आणि त्या मुद्रेचेही भले करत असतो.

शैलीचाही विचार करावा लागतो, कारण सर्व प्रकारांत सारखाच निष्णात असलेला कलाकार दुर्मीळ असतो. हुबेहूब चेहरे काढणारा, ठिपक्यांनी छटा भरणारा, बारीक रेषांचे काम करणारा आणि जपानी पद्धतीने अख्खी पाठ रंगवणारा यांच्या सुयाही वेगळ्या असतात. रेषेसाठी सुया गोलाकार घट्ट बांधलेल्या असतात, तर छटा भरण्यासाठी त्या पसरट ओळींत लावतात. व्यक्तिचित्र हवे असेल तर व्यक्तिचित्रे करणाऱ्याकडेच जावे, मग त्यासाठी दुसऱ्या गावी जावे लागले किंवा चार महिने थांबावे लागले तरी हरकत नाही.

आता स्वच्छतेकडे वळू, आणि येथे कलेच्या कौतुकाला थारा देता कामा नये. टॅटू ही हजारो छिद्रांची जखम असते आणि सुईला रक्त लागलेले असते, त्यामुळे हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या रक्तातून पसरणाऱ्या विषाणूंचा धोका प्रत्येक अस्वच्छ जागी संभवतो. यांतला हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो. जत्रेत किंवा रस्त्याच्या कडेला एकच सुई आणि शाईची एकच वाटी दिवसभर सर्वांना वापरली जाते, आणि गर्दीतल्या कोणालाही ते दिसत असूनही खटकत नाही, हे पाहून चिंता वाटल्यावाचून राहत नाही. सुई नवी घेतली तरी वाटी जुनीच असेल तर धोका तसाच राहतो, कारण आधीच्या व्यक्तीचे रक्त सुईवाटे शाईत उतरलेले असते.

चांगल्या स्टुडिओत पहिली पंधरा मिनिटे सुई चालतच नाही, आणि तीच पंधरा मिनिटे ग्राहकाने लक्ष देऊन पाहावीत. कलाकार हात धुतो, टेबल आणि खुर्ची जंतुनाशकाने पुसून त्यावर नवे प्लास्टिकचे आवरण घालतो, यंत्र, त्याची वायर, दिव्याचा दांडा, पाण्याची बाटली अशी हाताचा स्पर्श होणारी प्रत्येक वस्तू आवरणात गुंडाळतो. सुईचे बंद पाकीट तो ग्राहकासमोर फोडतो. त्यावर निर्जंतुकीकरणाची आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली असते आणि ती पाहायला मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मोठ्या बाटलीतली शाई तो लहान एकदाच वापरायच्या टोप्यांत ओततो आणि उरलेली शाई काम संपल्यावर टाकून देतो, परत बाटलीत ओतत नाही. काम चालू असताना फोन वाजला, दार उघडावे लागले किंवा आणखी शाई घ्यावी लागली, तर हातमोजे काढून, हात स्वच्छ करून नवे चढवतो. रक्ताळलेल्या मोज्याने मोबाईल उचलणारा आणि त्याच मोज्याने पुन्हा यंत्र धरणारा कलाकार कितीही नावाजलेला असो, ग्राहकाने तेथेच काम थांबवायला सांगावे. वापरलेली सुई शेवटी कोठे जाते हेही पाहावे; वैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी सुयांसारख्या टोकदार कचऱ्यासाठी पांढरी, अर्धपारदर्शक, टोक बाहेर न येणारी पेटी ठरवून दिली आहे, आणि ती पेटी जेथे दिसते तेथे बाकीची शिस्तही बहुधा असते.

काही स्टुडिओंत यंत्राची पकड किंवा इतर धातूचे भाग पुन्हा वापरतात. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या उपकरणात, १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवलेले असले पाहिजेत. उकळते पाणी, स्पिरिटचा बोळा किंवा जांभळ्या प्रकाशाची पेटी यांनी निर्जंतुकीकरण पूर्ण होत नाही; ती पेटी आधीच निर्जंतुक केलेली वस्तू ठेवण्यापुरती.

शाईचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण ती डोळ्यांनी तपासता येत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे २०११-१२ मध्ये काही जणांच्या टॅटूवर चिवट पुरळ उठले. तपासात क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पाण्यात राहणारा एक जिवाणू सापडला आणि त्याचा माग करड्या छटेसाठी आधीच पातळ करून विकलेल्या शाईपर्यंत लागला. स्टुडिओ स्वच्छ असूनही बाटलीतच दोष असू शकतो, हे त्यावरून कळले. करडी छटा हवी म्हणून नळाचे किंवा पिण्याच्या बाटलीतले पाणी शाईत मिसळणे म्हणूनच घातक असते. त्यासाठी निर्जंतुक पाणीच लागते. रंगांपैकी लाल रंगाची ॲलर्जी सर्वांत अधिक आढळते आणि ती काही वेळा वर्षांनंतरही उद्‌भवते. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील ४,००० हून अधिक रसायनांवर बंदी किंवा मर्यादा घातली. ग्राहकाने निदान शाईची कंपनी, तुकडीचा क्रमांक आणि मुदत विचारून त्याचे छायाचित्र स्वतःजवळ ठेवावे. पुढे त्रास झाला तर त्वचारोगतज्ज्ञाला त्याचा उपयोग होतो.

भिंतीवर टांगलेल्या प्रमाणपत्राला किती महत्त्व द्यावे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. भारतात डॉक्टरांप्रमाणे टॅटू कलाकारांची परीक्षा घेऊन नोंदणी करणारी राष्ट्रीय परिषद नाही, आणि काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र खासगी संस्था देऊ शकतात. अन्य देशांनाही ही घडी बसवणे सोपे गेलेले नाही. दक्षिण कोरियात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या निर्णयाने टॅटू काढणे वैद्यकीय कृत्य ठरले आणि डॉक्टर नसलेल्या कलाकारांना अनेक दशके कायद्याबाहेर राहून काम करावे लागले; जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०२० मध्ये नेमका उलट निर्णय दिला. आपल्याकडे नियमन नसल्याने कागदापेक्षा उमेदवारीची चौकशी अधिक उपयोगी पडते : कलाकार कोणाच्या हाताखाली शिकला, कृत्रिम त्वचेवर किती काळ सराव केला, किती वर्षे नियमित काम करतो आहे. नवख्याकडे जाऊच नये असे नाही. आपण शिकत आहोत हे तो मोकळेपणाने सांगत असेल, दर त्याप्रमाणे घेत असेल आणि गुरूच्या नजरेखाली साधे काम करत असेल, तर त्याला संधी देणे योग्यच आहे, कारण त्याशिवाय नवे कलाकार तयार होणार नाहीत.

पहिल्या भेटीतले संभाषणही पुष्कळ काही सांगते. मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण, सोरायसिस यांबद्दल विचारणारा कलाकार, दारू पिऊन आलेल्याला परत पाठवणारा कलाकार आणि अठरा वर्षांखालील मुलांना ठाम नकार देणारा कलाकार यांच्यात एक समान गुण आहे : त्यांना पैशांपेक्षा आपल्या कामाची चाड आहे. सोरायसिससारख्या विकारात जेथे जखम होते तेथे नवा चट्टा उठू शकतो, म्हणून हा प्रश्न औपचारिक नव्हे. टॅटूच्या जागेबद्दलही असा कलाकार सावध करतो. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंतची हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच ठिकाणचा कायमचा टॅटू सर्वसाधारण उमेदवाराला चालतो, आणि परंपरेने गोंदणाऱ्या आदिवासी जमातींसाठी वेगळी सवलत आहे. भरतीची तयारी करणाऱ्या तरुणाच्या मानेवर काहीही न विचारता टॅटू काढून देणारा त्याच्या भवितव्याशी खेळत असतो. नकार देणे हा या व्यवसायातला फार मोठा गुण आहे आणि तो मिळाल्यावर रागावून शेजारच्या दुकानात जाणे हे ग्राहकाचेच नुकसान आहे.

दराबाबत थोडक्यात एवढेच, की चौरस इंचामागे किंवा तासामागे पैसे घेण्याच्या दोन्ही पद्धती रूढ आहेत, आणि घासाघीस केल्यास कपात बहुधा दिसत नाही अशाच ठिकाणी होते, म्हणजे सुई, मोजे, आवरणे आणि वेळ यांत. चुकलेला टॅटू काढून टाकण्याची लेसर-प्रक्रिया अनेक बैठकांची, दर दोन बैठकांत काही आठवड्यांचे अंतर ठेवणारी आणि बहुधा मूळ टॅटूपेक्षा महाग असते. काळी शाई तिला बऱ्यापैकी दाद देते, हिरवी आणि पिवळी चिवटपणे राहते, आणि सावळ्या त्वचेवर पांढरे डाग पडण्याचा धोका असतो.

काम संपल्यावर कलाकार जे सांगतो, त्यावरूनही त्याची जाण कळते. जखम भरायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर सौम्य साबणाने धुणे, खपली न ओढणे, ऊन टाळणे आणि पोहणे पूर्ण बंद ठेवणे एवढे पथ्य तो लेखी देतो आणि नंतर विचारपूसही करतो. गोव्याच्या सहलीत टॅटू काढून दुसऱ्याच दिवशी समुद्रात उतरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. यकृताचा विकार असलेला अमेरिकेतील एक रुग्ण टॅटू काढल्यावर पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहला, खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूचा त्याला संसर्ग झाला आणि अखेर तो दगावला, ही नोंद २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. सहलीच्या पहिल्याच दिवसाची तारीख देणारा आणि पोहण्याबद्दल चकार शब्द न काढणारा कलाकार निवडू नये. टॅटू हवाच असेल तर परतीच्या दिवशी काढावा.

तारीख ठरवण्यापूर्वी दोन गोष्टी वाचकांनी अवश्य कराव्यात. हेपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर ती घ्यावी. प्रौढांसाठी तिच्या तीन मात्रा सहा महिन्यांत पूर्ण होतात, हेपॅटायटिस सीवर मात्र लस नाही. आणि जे नियमित रक्तदान करतात त्यांनी आधी रक्तदान करून मगच टॅटूसाठी वेळ घ्यावी, कारण राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेच्या निकषांनुसार टॅटू काढल्यानंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही.